संगणकावरचा सातबारा चुकला तर?

समजा, गेवराईकडच्या शेतकऱ्याच्या हस्तलिखित सातबाऱ्यावर 1 हेक्टर 20 आर क्षेत्र आहे आणि संगणकावर निघतं नुसतं 12 आर. संगणकावरचा सातबारा हाही एक डेटाबेसच, आणि डेटाबेस बिघडल्याची शंका आली, की जाणकार आधी त्याची जशीच्या तशी प्रत काढून ठेवतात. मग शेवटचा चांगला बॅकअप घेऊन त्यावर लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, टिपलेले बदल क्रमाने चढवतात. सातबाऱ्याचा लॉग म्हणजे फेरफार नोंदवही. म्हणून तर ती जिवापाड जपायला हवी! 2017 मध्ये राज्यभर चावडी वाचन झालं, म्हणजे गावोगावी सातबारे जाहीर वाचले गेले, ते संगणकावरच्या नोंदी हस्तलिखिताशी ताडून पाहण्यासाठीच. लेखनातली चूक असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे अर्ज करा. सोबत जुना हस्तलिखित उतारा आणि फेरफाराची नक्कल जोडा.