फुल्टन बाजाराचा पदवीधर

अमेरिकेच्या राजकारणाची वार्ता आपल्याकडे येते ती बहुधा वॉशिंग्टनची. प्रेसिडेंट कोण झाला, सीनेटनें कोणता तह फेटाळला, एवढें कळलें म्हणजे अमेरिका कळली असें वाटतें. परंतु शाळा, कारखाने, तुरुंग, इस्पितळें, अशा ज्या गोष्टींशीं अमेरिकन मनुष्याचा रोजचा संबंध येतो, त्यांचे बहुतेक कायदे ज्या त्या संस्थानाच्या कायदेमंडळांत होतात. आणि तेथें बसणाऱ्या सभासदाचें नांव त्याच्या मतदारसंघाबाहेर क्वचितच कोणास ठाऊक असतें. अशाच एका सभासदाची ही हकीकत आहे. आल्फ्रेड इमॅन्युएल स्मिथ हें त्याचें पूर्ण नांव. न्यूयॉर्कचे लोक त्याला अल् स्मिथ म्हणत. १९२८ सालीं तो प्रेसिडेंटच्या जागेसाठीं उभा राहिला व पडला, म्हणून इतिहासांत त्याची नोंद पराभूत उमेदवार अशी झाली आहे. त्याचें खरें काम मात्र त्यापूर्वींच, आल्बनी येथील कायदेमंडळांत, १९०४ ते १९१५ या बारा वर्षांत होऊन गेलें होतें.

स्मिथचा जन्म ३० डिसेंबर १८७३ रोजीं न्यूयॉर्कच्या धक्क्याजवळील गरीब वस्तींत झाला. बाप मालाची घोडागाडी हांकी. तो १८८६ त वारला आणि पुढें लौकरच मुलाची शाळा सुटली, ती कायमची. मोठेपणीं त्याला फुल्टन मासळीबाजारांत नोकरी मिळाली. पहाटे चारला कामावर जावयाचें, आठवड्याला बारा डॉलर पगार, आणि घरीं न्यावयास हवी तितकी मासळी. पुढें विधानसभेंत वादविवाद ऐन रंगांत असतां कॉर्नेल विद्यापीठानें होड्यांची शर्यत जिंकल्याची बातमी एका सभासदानें मध्येंच उठून सांगितली. तेव्हां एकामागून एक सभासद उभे राहून आपापल्या विद्यापीठाचें नांव सांगूं लागले. स्मिथ म्हणाला, आपण एफ. एफ. एम. आहों. ही कोणती पदवी म्हणून विचारतां त्यानें उलगडा केला : फुल्टन फिश मार्केट.

त्याला राजकारणांत आणलें तें टॅमनी हॉलनें. टॅमनी हॉल म्हणजे न्यूयॉर्क शहरांतील डेमोक्रॅटिक पक्षाची संघटना. हिंवाळ्यांत गरिबाच्या घरीं कोळसा पोंचवावयाचा, पोराला कोठें तरी चिकटवून द्यावयाचें, आणि निवडणुकीच्या दिवशीं त्याचें मत घ्यावयाचें, असा तिचा व्यवहार असे. तिच्यावरील लांचलुचपतीचे आरोप खोटे नव्हते. पण कोळसाहि खोटा नव्हता. वॉर्डाचा पुढारी टॉम फोली हा दारूच्या गुत्त्याचा मालक. त्यानें १९०३ च्या निवडणुकींत स्मिथला उभें केलें, आणि तेथें फोलीनें उभें करणें म्हणजे निवडून येणेंच होतें.

आल्बनीच्या विधानसभेंत दीडशें सभासद; मुदत एका वर्षाची आणि वेतन सालीना पंधराशें डॉलर. स्मिथची जागा अगदीं मागच्या रांगेंत. पहिलें सबंध अधिवेशन त्यानें तोंड उघडलें नाहीं. उघडावयाचें तरी कशावर? टेबलावर येऊन पडणाऱ्या बिलांची भाषाच त्याला समजेना. त्याची नेमणूक बँकांच्या समितीवर झाली. बँकेंत त्यानें पाऊल टाकलें होतें तें ज्युरीची नोटीस बजावण्यापुरतें. पुढें जंगलांच्या समितीवर झाली; जंगल त्यानें पाहिलेंच नव्हतें. दोन अधिवेशनें अशीं गेल्यावर फोलीनें त्याला शहरांत एक बऱ्या पगाराची जागा देऊं केली. ती घेतली असती तर कोणी नांवें ठेवलीं नसतीं. पण समजलें नाहीं म्हणून परत आलों, हें त्याच्या मनाला खपेना. तो आल्बनीस परत गेला आणि बिलें वाचूं लागला.

त्याच्या सर्व कारकीर्दीचें मूळ या कंटाळवाण्या कामांत आहे. इतर सभासद संध्याकाळीं जेवणाखाण्यांत व गप्पागोष्टींत रमत, तेव्हां हा आपल्या खोलींत बिलाचीं कलमें मूळ कायद्याशीं ताडून पाही. खर्चाच्या मंजुरीचें शेंकडों पानांचें बिल, जें मांडणाऱ्यांनींहि पुरतें वाचलेलें नसे, तें तो ओळीनें वाची. कोणत्या तुरुंगाच्या कौलांना किती पैसे, कोणत्या कारकुनाची जागा कोणाच्या मेव्हण्यासाठीं, हें सारें त्या पानांत असतें. १९११ सालीं डेमोक्रॅटिक पक्षाला बहुमत मिळालें तेव्हां पक्षाचें विधानसभेंतील पुढारीपण त्याच्याकडे आलें. एवढ्यानें तो सुधारक झाला असें मात्र नाहीं. टॅमनीचा हुकूम येईल तसें मत देणारा तो एक हुशार सभासद होता, इतकेंच तोंपर्यंत म्हणतां येईल.

त्याच वर्षीं २४ मार्च रोजीं न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील कोर्टानें कामगारांच्या नुकसानभरपाईचा नवा कायदा रद्द ठरविला. मालकाची चूक नसतां त्याला भरपाई द्यावयास लावणें म्हणजे त्याची मालमत्ता बेकायदा हिरावून घेणें होय, असें न्यायमूर्तींचें मत पडलें. दुसरा दिवस शनिवारचा. दुपारीं पावणेपांचाच्या सुमारास वॉशिंग्टन स्क्वेअरजवळील आश इमारतींत, आठव्या ते दहाव्या मजल्यांवरील ट्रँगल कंपनीच्या कारखान्याला आग लागली. तेथें बायकांचीं पोलकीं शिवलीं जात. कामाला बहुतेक ज्यू व इटालियन घरांतील मुली. नवव्या मजल्यावरील एका दरवाजाला कुलूप होतें. सुटकेचा लोखंडी जिना माणसांच्या भारानें कोसळला. बंबवाल्यांच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोंचल्या. अर्ध्या तासाच्या आंत १४६ जीव गेले. त्यांतले कित्येक खिडक्यांतून उड्या टाकून रस्त्यावर पडलेले होते.

कामाच्या वेळीं दरवाजांना कुलूप लावूं नये, असा कायदा त्यापूर्वींच होता. तरी मालकांवरील खटल्यांत, कुलुपाची त्यांना माहिती होती असें ज्युरीस पटलें नाहीं व ते सुटले. स्मिथ मृतांच्या आप्तांच्या घरोघर गेला, शवागारांत गेला. शहरांतील प्रतिष्ठित नागरिकांची एक समिति चौकशीची मागणी घेऊन आली, तेव्हां त्यानें दिलेला सल्ला त्याच्या तोंपर्यंतच्या अनुभवाचें सार म्हणून पाहण्याजोगा आहे. चौकशी नामवंत गृहस्थांकडे देऊं नका, असें तो म्हणाला. कायदेमंडळाच्या सभासदांकडे द्या. परक्याचा अहवाल सभासद फडताळांत ठेवून देतील. स्वतःचा अहवाल असेल तर त्याच्यासाठीं भांडतील. त्याप्रमाणें मंडळ नेमलें गेलें. सीनेटचा रॉबर्ट वॅग्नर अध्यक्ष व स्मिथ उपाध्यक्ष. पूर्वीं आल्बनींत हे दोघे एकाच खोलींत राहत.

मंडळाच्या तपासनिसांत फ्रान्सेस पर्किन्स या बाई होत्या. आगीच्या दिवशीं त्या जवळच चहाला गेल्या होत्या व तो देखावा त्यांनीं डोळ्यांनीं पाहिला होता. सभासदांना कागद दाखवून भागणार नाहीं, हें त्यांनीं ओळखलें. रात्रीची दहा तासांची पाळी संपवून दोरखंडाच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या बायका त्यांनीं स्मिथला दाखविल्या. वॅग्नरला भिंतींतील एका भोंकांतून सरपटत बाहेर काढून बर्फानें माखलेल्या लोखंडी शिडीवर नेलें. ती शिडी जमिनीपासून बारा फूट वरच संपत होती आणि आगींतून सुटण्याचा मार्ग म्हणून तिची नोंद होती. फळभाज्या डब्यांत भरण्याच्या कारखान्यांत पांच-सहा वर्षांचीं पोरें शेंगा मोडतांना आढळलीं.

१९१२ सालीं बायकांच्या कामाची मर्यादा आठवड्याला ५४ तास ठरविणारा कायदा झाला, पण डबेबंदीचे कारखाने त्यांतून वगळून. हातचें सोडून पळत्याच्या पाठीस लागूं नये, असा विचार करून पर्किन्सबाईंनीं तो पदरांत घेतला, आणि पुढच्याच वर्षीं त्या सवलतीला कात्री लागली. १९१३ सालीं स्मिथ विधानसभेचा सभापति होता. आठवड्याच्या सुट्टीच्या कायद्यांतूनहि आपणांस वगळावें, असें या कारखानदारांनीं म्हणतांच त्यानें बायबलांतील विश्रांतीच्या आज्ञेचा दाखला दिला व डबेबंदीचा अपवाद आपणांस तींत कोठें आढळला नाहीं, असें सांगितलें. कारखान्यांची नोंदणी, आगीची कवाइत, उंच इमारतींत आपोआप पाणी सोडणारे नळ, तपासनिसांच्या संख्येंत वाढ, असे मिळून तिसांहून अधिक कायदे १९१४ पर्यंत झाले. नुकसानभरपाईच्या कायद्याआड आलेली घटना १९१३ त दुरुस्त करून तोहि कायदा पुन्हां करण्यांत आला.

सभापतिपदाच्या त्याच वर्षावर एक डागहि आहे. टॅमनीशीं बिनसलेला गव्हर्नर सल्झर याच्यावर विधानसभेनें दोषारोप ठेवला, आणि त्याला पदच्युत करण्यांत आलें. निवडणूक-फंडाच्या हिशेबांतील दोष खरे होते. पण सल्झर संघटनेच्या आज्ञेंत राहिला असता तर ते हिशेब कोणीं उघडले असते, असें दिसत नाहीं. सभापतीच्या खुर्चींत बसून स्मिथनें संघटनेचें काम चोख बजावलें. त्याच्या चाहत्यांनीं हें प्रकरण थोडक्यांत आटोपावें, यांत नवल नाहीं.

१९१५ सालीं संस्थानाची घटना नव्यानें लिहिण्यासाठीं परिषद भरली. अध्यक्षस्थानीं एलिहू रूट. भोंवतीं मोठमोठे कायदेपंडित. संस्थानाच्या कारभाराची सर्वांत अधिक माहिती या परिषदेंत कोणास असेल तर ती स्मिथला, असा अभिप्राय खुद्द रूटनें दिला, आणि रूट विरुद्ध पक्षाचा होता. त्या सालानंतर स्मिथनें विधानसभा सोडली. पांच मुलांच्या संसाराला पंधराशें डॉलर पुरण्यासारखे नव्हतेच. तो शेरिफ झाला, आणि १९१८ च्या निवडणुकींत गव्हर्नर. १९२० च्या जानेवारींत समाजवादी पक्षाचे निवडून आलेले पांच सभासद विधानसभेनें बाहेर बसविले, तेव्हां देशांत बोल्शेविकांची धास्ती शिगेला पोंचली होती व त्यांची बाजू घेण्यांत मतांचा तोटाच होता. स्मिथनें उघड निषेध केला. कायदेशीर रीतीनें निवडून आलेल्याला केवळ मतांसाठीं जागा नाकारणें त्याला मान्य नव्हतें. त्या वर्षीं तो निवडणूक हरला. नंतर तीनदां जिंकला.

१९२८ ची हकीकत थोडक्यांत पुरे. कॅथॉलिक धर्म, दारूबंदीला विरोध आणि टॅमनीचा शिक्का, शिवाय त्याचा तो धक्क्यावरचा उच्चार. 'रेडिओ' शब्दाचाच तो 'रॅडिओ' करी, आणि पश्चिमेकडील शेतकऱ्याच्या घरांत तो आवाज परका वाटे. ४८ संस्थानांपैकीं ८ त्याच्या वांट्यास आलीं. त्यांत न्यूयॉर्क नव्हतें. पुढें रूझवेल्टशीं त्याचें बिनसलें, आणि १९३६ सालीं तो रूझवेल्टविरुद्ध व्याख्यानें देत फिरला. त्याच रूझवेल्टच्या मंत्रिमंडळांत पर्किन्सबाई कामगार-मंत्री होत्या, आणि कामगारांना संघटनेचा हक्क देणारा १९३५ चा कायदा वॅग्नरच्या नांवानें ओळखला जात होता. ४ ऑक्टोबर १९४४ रोजीं स्मिथ वारला. आश इमारत अजून उभी आहे. तिचें नांव बदललें असून तींत न्यूयॉर्क विद्यापीठाच्या प्रयोगशाळा आहेत.