कॅम्पिंगचा शाकाहारी मेनू आणि आईची सुट्टी

आजचा भाग खाण्याचा आहे, तेव्हा शक्यतो उपाशीपोटी ऐकू नका. आणि फोनमधलं नोट्स उघडून ठेवा, कारण मापं सांगणार आहे.

थंडी पडली की पवना, भंडारदरा, मुळशी इथल्या तंबूंचे फोटो सगळ्यांच्या स्टेटसवर दिसायला लागतात. मित्रांबरोबर गेलं तर जेवणाचा प्रश्नच नसतो. मॅगी, चिप्स, चहा, झाली रात्र. पण घरच्यांना घेऊन जायचं म्हटलं की गणित बदलतं. आमच्याकडचंच सांगतो. आजी, आई, बाबा, दादा, वहिनी, त्यांची पाच वर्षांची मुलगी आणि मी, असे सात जण. आजीला दात नाहीत, बाबांना शुगर आहे म्हणून जेवणाची वेळ चुकवून चालत नाही, आणि पुतणीला तिखटाचा वासही सहन होत नाही.

तुम्ही म्हणाल, कॅम्पवाले जेवण देतात की! देतात. पण बऱ्याच ठिकाणी एकाच जाळीवर आधी चिकन भाजतात आणि मग त्यावरच पनीर. आमची आजी अशा जाळीवरचं खात नाही, आणि तिला ‘चालतं गं, अॅडजस्ट कर’ म्हणणं मला पटत नाही. म्हणून आम्ही नुसती जागा आणि तंबू घेतो, जेवण आमचं आम्ही करतो.

आता खरा मुद्दा. ‘कॅम्पिंगला काय करायचं’ हा प्रश्न सगळे विचारतात. ‘कोण करणार’ हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत असतं. आई करणार. म्हणजे बाकीचे तळ्याकाठी फोटो काढणार आणि ती घरी ओट्यापाशी उभी असते तशी इथे स्टोव्हपाशी वाकून बसणार. त्यात ओटा नाही, नळ नाही, उजेड नाही. ही काही सहल नव्हे, ही जास्तीची ड्यूटी झाली.

म्हणून आजचा मेनू एकाच कसोटीवर निवडलाय. ज्याला फक्त चहा आणि मॅगी येते, त्यालाही तो जमला पाहिजे. दोन दिवस, एक रात्र, सात माणसं.

तीन नियम आधी सांगतो. एक, चिरणं, भाजणं, मोजणं जितकं होईल तितकं घरी. दोन, एका वेळी एकच भांडं चुलीवर. तीन, शिजवलेलं उरवायचं नाही.

तिसऱ्या नियमाचं कारण नीट ऐका. शिजवलेला भात दोन तासांपेक्षा जास्त वेळ तसाच राहिला की त्यात बॅसिलस सेरियस नावाचे जिवाणू वाढू शकतात. त्यांचे बीजाणू भात शिजवताना मरत नाहीत, आणि उलट्या करवणारं त्यांचं विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. म्हणजे ‘सकाळी घरून पुलाव करून नेऊ, रात्री गरम करू’ ही सोयीची वाटणारी कल्पना सगळ्यात धोक्याची. कोरडं न्या, तिथे शिजवा, लगेच खा.

पहिलं जेवण, शनिवार दुपार. इथे चूल पेटवायचीच नाही. पोचल्यावर तंबू लावायचे असतात, सगळे दमलेले असतात. आपल्याकडे प्रवासासाठी पिढ्यानपिढ्या चालत आलेली गोष्ट आहे, दशमी. पाण्याऐवजी दुधात कणीक मळायची, म्हणून ती मऊ राहते आणि दोन दिवस सहज टिकते. आजीला दशमी दुधात कुस्करून देता येते. दशमी लाटता येत नसेल तर जवळच्या पोळीभाजी केंद्रात आदल्या दिवशी सांगून ठेवा, त्यात कमीपणा काही नाही. बरोबर शेंगदाण्याची, जवसाची किंवा लसूण-खोबऱ्याची कोरडी चटणी, लिंबाचं लोणचं, गूळ आणि तिथे चिरलेली काकडी. बटाट्याची भाजी मात्र डब्यात नको. उन्हात गाडीत चार तास राहिलेली भाजी आंबते.

संध्याकाळी चहाबरोबर भडंग. सांगली-कोल्हापूरकडचे श्रोते हसतील, त्यांना हे सांगायला नको. कुरमुरे, शेंगदाणे, लसूण, मसाला. हवाबंद डब्यात आठवडाभर कुरकुरीत राहतात. वर आयत्या वेळी कांदा-लिंबू. पुतणीसाठी बिनतिखटाची वेगळी पिशवी.

रात्रीचं जेवण खिचडी. सात जणांना तीन वाट्या तांदूळ आणि दीड वाटी मूगडाळ. घरीच धुऊन, पंचावर पसरून पूर्ण वाळवा आणि कढईत जरा परतून, गार करून पिशवीत भरा, म्हणजे तिथे धुण्याचं पाणी वाचतं. दुसऱ्या छोट्या पुडीत हळद, गोडा मसाला, मीठ, हिंग, जिरं-मोहरी आणि सुक्या खोबऱ्याचा कीस. तिखट वेगळं, ज्याने त्याने वरून घ्यायचं. तिथे पाच लिटरच्या कुकरमध्ये तेल, पुडी, शेंगदाणे, मग डाळ-तांदूळ आणि त्याच वाटीने बारा वाट्या पाणी. चार शिट्ट्या. वाफ आपोआप गेली की झाकण उघडायचं, घट्ट वाटली तर गरम पाणी घालून सैल करायची. आजीसाठी पळीने घोटलं की मऊ भात तयार. वर तूप, बरोबर भाजलेला पापड.

कुकर जड असतो, हे मान्य. पण गाडीने जाताय ना, मग न्याच. वाऱ्यात उघड्या पातेल्यात डाळ शिजेपर्यंत गॅस संपतो. आणि उंचावर तर पाणी कमी तापमानाला उकळतं. हरिश्चंद्रगडासारख्या चौदाशे मीटर उंचीच्या ठिकाणी साधारण ९५ अंशांनाच. तिथे कुकरशिवाय डाळ वाट बघायला लावते.

शेकोटी पेटवायची परवानगी असेल तर निखाऱ्यांत रताळी आणि कांदे पुरा. फॉइल लागत नाही, सालच काम करते. फक्त ज्वाळेत नाही, निखाऱ्यात. मध्यम रताळ्याला अर्धा-पाऊण तास. सुरी सहज आरपार गेली की झालं. पोरांना हे खेळासारखं वाटतं.

आणि तुम्ही हिवाळ्यात अलिबागकडे, रायगडात जात असाल तर स्थानिक माणसांकडून पोपटी शिकून घ्या. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, मीठ, ओवा. पाण्याचा थेंबही नाही. तोंड पाल्याने बंद करून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. पुष्कळ ठिकाणी त्यात चिकन, अंडी घालतात, पण नुसत्या शेंगांची पोपटीही तितकीच जुनी आणि तितकीच चविष्ट लागते. पाला मात्र ओळखणाऱ्यालाच तोडू द्या.

रविवार सकाळ. दोन पर्याय देतो. पहिला, उपम्याचं कोरडं मिश्रण. घरी तीन वाट्या रवा खमंग भाजायचा, तेलात मोहरी, उडीदडाळ, कढीपत्ता, सुकी मिरची कुरकुरीत करून त्यात मिसळायची, मीठ आणि चिमूटभर साखर घालायची. गार झाल्यावरच पिशवीत भरा, नाहीतर वाफ धरते. तिथे एका वाटी मिश्रणाला अडीच वाट्या उकळतं पाणी, पाच मिनिटं झाकण. गरम पाणी करता आलं की उपमा आला.

दुसरा पर्याय दडपे पोहे, आणि यात विस्तवाचं कामच नाही. पाच-सहा वाट्या पातळ पोहे, एक नारळ, कांदा, मिरची, कोथिंबीर, लिंबू, मीठ, साखर. नारळ अख्खा न्या आणि तिथे फोडा. खवलेलं खोबरं रात्रभरात खराब होतं. आतलं पाणी पोह्यांवर शिंपडा, सगळं कालवून वर वजन ठेवून पंधरा मिनिटं दडपा. शेंगदाण्याची फोडणी घरून छोट्या बाटलीत आणली असेल तर ती वरून. कोकणातल्या कुणाला तरी हे सुचलं, त्यांचे आभार.

रविवार दुपार, पिठलं. दोन वाट्या बेसन घरीच मंद आचेवर कोरडं भाजून त्यात हळद, मीठ, जिरेपूड मिसळून न्या. तिथे फोडणीत कांदा-लसूण, सहा वाट्या पाणी. बेसन आधी त्यातल्याच थोड्या गार पाण्यात कालवून ओता, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. बरोबर उरलेल्या दशम्या. किंवा गावातल्या एखाद्या ताईंना भाकरीसाठी आदल्या संध्याकाळीच विचारा आणि त्या सांगतील ते पैसे घासाघीस न करता द्या. चुलीवरची नाचणीची भाकरी आपल्याला जमणार नाही, त्यांना जमते.

आता पाणी. प्यायला आणि स्वयंपाकाला मिळून माणशी दिवसाला चार लिटर धरा. सात जणांना एका दिवसाला २८ लिटर, म्हणजे २० लिटरचे दोन जार घ्या. तळ्याचं पाणी वापरायची वेळ आलीच तर गाळून, खळखळ उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळू द्या. भांडी तळ्यात धुवायची नाहीत. खालच्या गावात तेच पाणी पितात. कागदाने पुसा, बादलीत धुवा, पाणी तळ्यापासून लांब जमिनीवर टाका.

सुरक्षेच्या तीन गोष्टी, घाईत सांगतो पण विसरू नका. तंबूच्या आत स्टोव्ह किंवा शेगडी कधीही नाही, थंडी वाजते म्हणून निखारे ठेवायचेही नाहीत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. दुसरं, झाडावर किंवा कड्यावर आग्या मोहोळ असेल तर तिथे धूर करू नका, जागा बदला. तिसरं, अभयारण्याच्या हद्दीत आग पेटवायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे मनाई आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगडाचा परिसर अभयारण्य आहे, हे भंडारदऱ्याला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. जागावाल्याला आधी फोन करून विचारा, आणि नाही म्हणाला तर वाद घालू नका.

आता परत ‘कोण करणार’कडे येतो. शुक्रवारी रात्री आईनेच रवा भाजला, डाळ वाळवली, पुड्या बांधल्या, तर तिला सुट्टी मिळाली नाही, काम फक्त एक दिवस अलीकडे सरकलं. म्हणून ही तयारी आपण करायची. बुधवारी रात्री डाळ-तांदूळ, गुरुवारी रवा आणि बेसन. दोन्ही दिवस मिळून दोन तास. ऑफिसच्या एका निरर्थक मीटिंगएवढे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक पुडीवर मार्करने लिहायचं. काय आहे, पाणी किती, मीठ घातलंय की नाही, किती शिट्ट्या. कारण ‘आई, मीठ किती?’ हा प्रश्न जितक्यांदा विचाराल, तितकी तिची सुट्टी कमी होते. ती खुर्चीत बसलेली दिसते, पण डोकं स्वयंपाकातच असतं.

आमच्याकडे दादाकडे कुकर, बाबांकडे चहा आणि माझ्याकडे भांडी. गेल्या जानेवारीत भंडारदऱ्याला आई पहिल्या शिट्टीला उठली, दुसऱ्या शिट्टीला उठली. तिसऱ्या वेळी आजीच तिला म्हणाली, “बस गं जरा. मला कोणी बसू दिलं नव्हतं, तू तरी बस.” त्यानंतर आई उठली नाही. खिचडीत दादाकडून पाणी जरा जास्त झालं होतं. कोणी काही बोललं नाही. आईने दोनदा वाढून घेतली.

तर मंडळी, तारीख ठरवा, पुड्या बांधा, मार्कर विसरू नका. कचरा परत गाडीत घाला. आणि मेनूतलं काही आधी घरी करून बघायचं असेल तर या रविवारी दडपे पोह्यांपासून सुरुवात करा. नारळ मात्र तुम्हीच खवा. भेटू पुढच्या भागात!