कासरा ओळखा, मग ट्रॅक्टर हाका

(जळकोट, ता. तुळजापूर येथील बैठकीत केलेले भाषण)



आज आम्ही कापसाच्या भावाचा विषय घेऊन उभे नाही, कर्जाचाही नाही. आज ट्रॅक्टरचे पायडल, दांडे आणि खटके यांच्याबद्दल बोलायचे आहे. कोणी म्हणेल, हा काय बैठकीचा विषय झाला? ते काम ड्रायव्हरचे. आमचे म्हणणे नेमके इथेच आहे. सातबाऱ्यावर बोजा मालकाचा, हप्ता मालकाचा, डिझेल मालकाचे. आणि कोणता दांडा कशाचा हे मात्र एकट्या ड्रायव्हरला ठाऊक. अशा ट्रॅक्टरचा मालक कोण, हे तुम्हीच सांगा.

आपल्यातल्या बहुतेकांच्या दारात ट्रॅक्टर नाही. आपण तो तासावर किंवा एकरावर बोलावतो. त्यांनाही हा विषय तितकाच लागू आहे. रान आपले, मळणीला उभी असलेली माणसे आपली. काही वेडेवाकडे झाले तर हानी आपल्याच घरात येते.

बैलाची गोष्ट वेगळी होती. बैलबारदाना आपल्याला जन्मापासून ठाऊक. कोणता बैल उजवा, कोणता डावा, कोण बुजतो, कोण मारका, हे घरातल्या पोराला सुद्धा कळायचे. बैल जिवंत जनावर. औत दगडाला अडले की तो आपणहून थांबतो. लोखंड थांबत नाही. त्याला थांबवावे लागते, आणि थांबवायचे कसे ते आधी माहीत असावे लागते. म्हणून पहिला धडा चालू करण्याचा नाही, बंद करण्याचा आहे.

बंद कसा करायचा

मोटारसायकलची चावी फिरवली की इंजिन बंद पडते. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, ते दाबाने पेटते. डिझेल येत आहे तोवर ते चालतच राहते. म्हणून जुन्या ट्रॅक्टरांना बंद करण्यासाठी वेगळा खटका असतो. तो ओढला की डिझेल तुटते आणि इंजिन थांबते. बऱ्याच नव्या ट्रॅक्टरांत हे काम चावीच करते. तुमच्या शेतात येणारा ट्रॅक्टर यातला कोणता? औत जोडण्याआधी हा प्रश्न ड्रायव्हरला विचारा, आणि त्याच्याकडून एकदा करून दाखवून घ्या. मळणी यंत्रात माणूस अडकला आणि ड्रायव्हर चहाला गेलेला असला, तर जवळच्या बाईला तो खटका माहीत असणे यावर जीव ठरतो.

दोन ब्रेक म्हणजे दोन कासरे

डाव्या पायाखाली क्लच. तो दाबला की इंजिनाची ताकद चाकांपासून तुटते. क्लचवर कायम पाय ठेवून बसणे म्हणजे प्लेट घासणे, आणि प्लेट बदलायची तर अख्खा ट्रॅक्टर मधून उघडावा लागतो. पाय दाबायचा तेव्हा पूर्ण दाबा, नाहीतर खाली फूटरेस्टवर ठेवा.

उजव्या पायाखाली शेजारी शेजारी ब्रेकची दोन पायडले असतात. मोटारीला एक आणि ट्रॅक्टरला दोन का? बैलाचे दोन कासरे आठवा. डावा ओढला की जोडी डावीकडे वळते. तसेच डावे पायडल दाबले की डावे मागचे चाक थांबते आणि ट्रॅक्टर डावीकडे जागच्या जागी फिरतो. तासाच्या शेवटी, बांधाजवळ वळताना याचा उपयोग.

पण हाच उपयोग रस्त्यावर घात करतो. ट्रॅक्टर भरधाव आहे, मागे भरलेली ट्रॉली आहे, समोर कोणी आडवे आले, आणि घाईत एकाच पायडलवर पाय पडला. एक चाक थांबते, दुसरे पळते, ट्रॅक्टर गर्रकन फिरतो आणि ट्रॉली त्याच्यावर येते. यासाठी दोन पायडले जोडणारी कडी दिलेली असते. शेतातून रस्त्यावर चाक आले की कडी लावायची. आपल्या गावाजवळून सोलापूर-हैदराबाद महामार्ग जातो. पूर्वी त्याचा नंबर ९ होता, आता ६५ आहे. त्या रस्त्यावर चढण्याआधी कडी लावली का, हे ड्रायव्हरला मोठ्याने विचारायची सवय लावा.

उतारावर न्यूट्रल नको

गिअरचे दांडे बहुधा दोन असतात. एक नेहमीचा गिअर, दुसरा हाय-लोचा. लो म्हणजे ताकद जास्त, वेग कमी. हाय म्हणजे रस्त्याचा वेग. उतार लागला की डिझेल वाचवायला न्यूट्रल करण्याची खोड पुष्कळांना आहे. भरलेली ट्रॉली घेऊन तुळजापूरच्या घाटात हा हिशेब मांडून बघा. वाचणारे डिझेल थोडेसे, आणि इंजिनाने धरून ठेवलेले सगळे ओझे एकट्या ब्रेकवर. ब्रेक तापले की पकड सुटते, मग गिअर परत पडत नाही. क्लच दाबून उतरणे हेही न्यूट्रलच. नियम सोपा आहे: उतार सुरू होण्याआधी खालचा गिअर टाकायचा आणि खाली पोचेपर्यंत बदलायचा नाही.

लिफ्टचे दांडे आणि रुमण्यावरचा हात

सीटच्या उजव्या हाताला हायड्रोलिकचे दांडे असतात. औत वर-खाली करण्याचा दांडा सगळ्यांना माहीत आहे; त्याला पोझिशन म्हणतात. तो जिथे ठेवाल तिथे औत उभे राहते. रोटाव्हेटरला तो बरोबर. शेजारचा दुसरा दांडा ड्राफ्टचा, आणि तो बऱ्याच ट्रॅक्टरांवर नुसता गंजत पडलेला दिसतो.

हा दांडा काय करतो? नांगरट करणारा जुना माणूस रुमण्यावर हात ठेवून चालायचा. कठीण जागा आली की हात हलका करायचा, मऊ रान आले की दाबायचा. ड्राफ्टचा दांडा तेच काम करतो. नांगराला ओढ जास्त बसली की लिफ्ट तो थोडा उचलते, ओढ कमी झाली की परत खाली सोडते. आपल्या रानात एका एकरात भारी काळी, मुरमाड आणि खडकाळ अशी तीन प्रकारची जमीन निघते. तिथे ड्राफ्ट लावून नांगरले तर चाक कमी घसरते, डिझेल कमी जळते. तासाचे पैसे तुम्ही देता. मग ड्राफ्ट लावा, असे सांगण्याचा हक्कही तुमचाच.

ही युक्ती काढली आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन नावाच्या कारागिराने. शेतकऱ्याचाच मुलगा. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याने पाहिले की मागे नांगर अडकला की ट्रॅक्टर पुढून उचलला जातो आणि उलटा ड्रायव्हरच्या अंगावर येतो. त्याने खाली दोन आणि वर एक अशा तीन दांड्यांनी नांगर ट्रॅक्टरला जोडला आणि हायड्रोलिकने त्याची खोली सांभाळली. १९२६ साली त्याने याचे पेटंट घेतले. १९३९ साली ही जोडणी असलेला ट्रॅक्टर फोर्डच्या कारखान्यातून बाहेर पडला. आज आपल्याकडच्या ट्रॅक्टरमागे जी तीन टोकांची जोडणी दिसते ती तीच. माणूस मरू नये हा त्या जोडणीमागचा एक हेतू होता, हे ध्यानात ठेवा.

आणि ध्यानात ठेवून एक काम कधीच करू नका. चिखलात रुतलेली गाडी ओढायला साखळी टॉप लिंकला किंवा मागच्या धुरीला बांधू नका. साखळी फक्त खालच्या हुकाला. वरून ओढ बसली की पुढची चाके उचलतात, आणि उडी मारायचा विचार मनात येण्याआधी ट्रॅक्टर उलटा झालेला असतो.

चिखलात एक चाक नुसते फिरू लागले तर डिफरन्शियल लॉकचे पायडल असते, बहुधा उजव्या टाचेजवळ. ते दाबले की दोन्ही चाके बरोबर फिरतात. चिखलातून सरळ निघा आणि सोडून द्या. लॉक लागलेले असताना वळू नका; ट्रॅक्टर वळत नाही आणि आतले दाते तुटतात.

पीटीओ आणि नऊवारी

मायबहिणींनो, आता हे तुमच्यासाठी. मळणी यंत्र, रोटाव्हेटर, पळाटी बारीक करणारे यंत्र, हे सगळे मागच्या फिरत्या दांड्यावर चालते. त्याला पीटीओ म्हणतात. तो मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. दांड्याचा घेर एक वीत धरा. सेकंदाला नऊ विती, म्हणजे साडेचार हात कापड तो गुंडाळतो. नऊवारी लुगडे अठरा हातांचे. अख्खे लुगडे चार सेकंदांत. तोंडातून ओरड निघेपर्यंत पदराबरोबर माणूस आत ओढला गेलेला असतो. धोतराचे आणि उपरण्याचेही तेच.

म्हणून फिरत्या दांड्यावर झाकण नसेल तर मळणी सुरू करू देऊ नका. कारखान्यातून ते झाकण मिळालेले असते. तुटले की कोणी परत बसवत नाही. पदर खोचा, केस बांधा, आणि चालू दांड्यावरून कधीही ओलांडू नका. ज्वारीची कणसे अडकली तर हात घालण्याआधी पीटीओचा दांडा काढा आणि इंजिन बंद करा, दोन्ही. दुहेरी क्लचच्या ट्रॅक्टरला पायडल अर्धे दाबले तर फक्त चाके थांबतात, पीटीओ फिरतच राहतो. पूर्ण दाबले तरच तो तुटतो. हा फरक माहीत नसल्याने, ट्रॅक्टर थांबला म्हणजे यंत्रही थांबले, असे समजून माणूस हात घालतो.

मीटरची भाषा

समोरचे काटे आणि दिवे शोभेचे नाहीत. इंजिन चालू झाल्यावर तेलाचा लाल दिवा विझला पाहिजे. चालता चालता पेटला तर, उरलेले दोन तास काढून घेऊ, असे म्हणू नका. तिथेच बंद करा. तापमानाचा काटा लाल रेघेकडे गेला की रेस कमी करून ओझे काढा. आणि गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका.

तासाच्या मीटरबद्दल एक गोष्ट. जुन्या ट्रॅक्टरांचा मीटर घड्याळावर चालत नाही, इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. रेस जास्त तर मीटर पुढे पळतो, कमी तर मागे राहतो. म्हणून भाडे ठरवताना मीटरचा तास की घड्याळाचा तास, हे आधी बोलून घ्या. पुढची भांडणे वाचतील.

शिकायचे कोणी आणि कोठे

मडगार्डवर पोरगा बसवून शिकवण्याची पद्धत बंद करा. ट्रॅक्टरवर चालकाशिवाय कोणाला बसवू नये, हे १९८९ च्या रहदारी नियमांतच लिहिले होते. अठरा वर्षांच्या आत लायसन नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने अपराध केला तर पालक किंवा वाहनमालक यांना ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. दंडाचे सोडा. मडगार्डवरून पडलेला माणूस सरळ मागच्या चाकाखाली जातो.

सरकारने १९५५ साली मध्य प्रदेशातील बुदनी येथे ट्रॅक्टर शिकवण्याचे केंद्र काढले. पुढे हिस्सार, गारलादिन्ने आणि आसामात विश्वनाथ चारियाली येथे तशा संस्था झाल्या. चारही संस्था महाराष्ट्राबाहेर. ट्रॅक्टर विकायला माणूस बांधापर्यंत येतो, शिकायला मात्र शेतकऱ्याने परराज्यात जायचे! तुळजापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे, परभणीला कृषी विद्यापीठ आहे. पेरणीआधी गावात येऊन एक दिवस ट्रॅक्टर उभा करून शिकवा, आणि त्या दिवशी बायकांनाही सीटवर बसवा, ही मागणी आपण करू. विकणाऱ्याकडेही एक मागणी ठेवू: पुस्तक मराठीत द्या, आणि चावी देण्याआधी एक तास सगळे दांडे समजावून सांगा. लाखोंचा सौदा करणाऱ्याला एक तास जड नाही.

तोवर थांबायचे कारण नाही. उद्या घरी गेल्यावर चार कामे करा. एक, बंद करण्याचा खटका घरातल्या प्रत्येकाला दाखवा आणि त्यावर तांबडा रंग लावा. दोन, ब्रेकची कडी जागेवर आहे का पाहा. नसेल तर लोहाराकडून घाईत वाकडी करून आणू नका, मापाची बसवा. तीन, पीटीओवर झाकण बसवा. चार, ट्रॉलीमागे लाल रिफ्लेक्टर लावा आणि मागचा दिवा जळतो का बघा. अंधारात महामार्गावर उभी असलेली बिनदिव्याची ट्रॉली मागून येणाऱ्याला दिसत नाही.

भाड्याने ट्रॅक्टर घेणाऱ्यांनी हीच चार कामे झाली आहेत का, ते औत रानात शिरण्याआधी विचारावे. ज्याचे झाकण नाही, त्याला मळणी नाही. दहा घरांनी असे ठरवले तर अकराव्या दिवशी झाकण बसलेले दिसेल. पुढच्या बैठकीत कोणत्या गावाने हे ठरवले आणि पाळले, याची नोंद आम्ही विचारणार आहोत.