बुडणाऱ्या खाचराचं बी
(संघटनेच्या शिबिरात एका कार्यकर्तीने केलेले भाषण, थोडे कमी करून)



जमिनीच्या शिबिरात भाताचं भाषण कशाला, असं सकाळी एका दादाने विचारलं. त्याचंच उत्तर देते.

आवणीनंतर खाचर आठवडाभर पाण्याखाली राहिलं की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. बुडालेलं रोप हवेसाठी वर धावतं. अंगातली साखर त्यातच संपवतं. पाणी उतरलं की आडवं पडतं, कुजतं.

आता ओडिशाची गोष्ट ऐका. तिथल्या शेतकऱ्यांकडे ‘धालपुटिया’ नावाचं जुनं भात होतं. ते बुडालं की वर धावत नाही. वाढ थांबवून गप्प राहतं, ताकद राखतं. पाणी उतरलं की पुन्हा वाढायला लागतं. त्यातूनच निवड करून सरकारी शास्त्रज्ञांनी एफ.आर. १३ ए हा वाण काढला. तो दोन आठवडे बुडूनही तगतो, पण उतारा कमी. पुढे फिलिपीन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने त्याचा हा एक गुण आपल्याकडच्या ‘स्वर्णा’ वाणात उतरवला. संकर केला, मग पुन्हा पुन्हा स्वर्णाशीच संकर केला. हे जीएम बियाणं नव्हे. २००९ साली ‘स्वर्णा सब-१’ आपल्या देशात आलं.

याला मर्यादा आहेत. महिनाभर पाणी साचलं, किंवा फुलोऱ्यात पूर आला, तर हेही टिकत नाही.

ओडिशाच्या गावांत याचा अभ्यास झाला. शेत १० दिवस बुडालं तर साध्या स्वर्णापेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त पीक आलं. आणखी एक गोष्ट दिसली. सखल, बुडणारी जमीन जास्त करून अनुसूचित जातींच्या वाट्याला आलेली. म्हणून फायदाही त्यांनाच जास्त!

शास्त्रज्ञांचं काम खरं आहे, त्यांची नावं कागदावर आहेत. पण धालपुटिया पिढ्यान् पिढ्या ज्यांनी राखलं, त्यांची नावं कुठे आहेत? बी राखायला तेच शेत वर्षानुवर्षे हातात लागतं. ज्याला दरसाल हाकलतात तो बी राखत नाही, खाऊन टाकतो. म्हणून जमीन आणि बी हा एकच प्रश्न आहे.

तेव्हा २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा भरताना ओढ्याकाठचं बुडणारं खाचर सोडू नका. ‘ते काय कामाचं’ म्हणू नका. बी पारखायची जागा तीच.

यंदा एवढं करा. पूर ओसरला की तगलेल्या रोपांना खूण करा. त्यांच्या लोंब्या वेगळ्या कापा, हाताने झोडा, वेगळ्या मडक्यात ठेवा. भाताचं फूल बहुतेक स्वतःच्याच परागाने फळतं, म्हणून रोपाचा गुण बियात उतरतो. पण एका वर्षाने फसू नका. कधी रोप नुसतं उंचावर असतं म्हणून वाचतं. तेच बी दोन-तीन वर्षं खोल जागी लावून बघा. हळवं, गरवं एकत्र करू नका. आपलं बी राखायचा, पेरायचा, देण्याघेण्याचा हक्क २००१ च्या कायद्यानेही मानला आहे.

पुढच्या शिबिराला प्रत्येक पाड्याने असं एक मूठ बी आणावं. खाचर किती दिवस बुडालं होतं, तेही सांगावं. बायांना नक्की आणा. कणगीत कुठलं बी आहे ते त्यांनाच ठाऊक असतं.

जिंदाबाद!