वाड्याचं दार (स्नेहमेळाव्यातील मनोगत)



निवृत्तीनंतर काय करतोस, असं सकाळपासून सगळे विचारताहेत. तर सांगतो, गेल्या हिवाळ्यात मी एक दार घासलं.

सदाशिव पेठेतला आमचा वाडा पुनर्विकासाला गेला. रस्त्याकडचं सागवानी दार राखाडी पडलेलं, वर जुन्या ऑइलपेंटचे पापुद्रे. 'कुजलंय, भंगारात द्या,' असं घरात सगळ्यांचं मत. मी टोच्या लावून पाहिला. तळाची चार बोटं सोडली, तर तो कुठेच आत शिरेना.

सागवान राखाडी होतं ते वरच्यावर. उन्हानं वरचा थर झिजतो, पाऊस तो धुऊन नेतो. आतलं लाकूड शाबूत राहतं. विश्रामबागवाड्याचा सागवानी दर्शनी भाग आपण सगळ्यांनी पाहिलाय.

दिवाळीनंतर, लाकूड सुकल्यावर काम काढलं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो ओला करून, मास्क लावून खरवडला. मग ८०, १२०, १८० नंबरचा पॉलिश पेपर. कार्यानुभवाच्या तासाला सर सांगायचे तसा, रेषेच्या दिशेनं. तळाला वाड्याच्याच तुळईचा तुकडा सांधला. शेवटी जवसाच्या तेलाचे तीन पातळ हात, प्रत्येक हात पुसून, वाळवून. आणि तेलाची फडकी चुरगळून ठेवू नका. ती आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा.

आतल्या बाजूला मात्र पेपर लावला नाही. तिथे आजोबांनी मुलांच्या उंचीच्या खाचा केल्या आहेत. सर्वांत खालची धाकट्या आत्याची. ती सातव्या वर्षी गेली. तिचा एकही फोटो नाही. ती केवढी होती, हे फक्त त्या दाराला ठाऊक. थोरली आत्या आता ८८ वर्षांची आहे. दार पाहायला आली, तेव्हा तिनं त्या खाचेवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. भंगाराची गोष्ट त्यानंतर कुणी काढली नाही. दार आता नव्या इमारतीत, जिन्याच्या तोंडाशी बसवलंय.

आज सभागृहात बरीच राखाडी डोकी दिसताहेत. टोच्या आणलेला नाही, पण सकाळपासूनचा हशा ऐकता आतलं लाकूड शाबूत आहे. कुणाकडे असं दार असेल, तर काढून टाकण्याआधी मला बोलवा. पॉलिश पेपर मी आणतो, चहा तुमचा.