रंगभूषेपूर्वी त्वचेची पारख

(ग्रामीण नाट्यमंडळांच्या रंगभूषाकारांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जत्रा-उत्सवाच्या रात्री देवळासमोरील मंडपात मराठी नाटक करण्याची प्रथा गोमंतकात आजही टिकून आहे. पडदा वर जाण्यापूर्वी दहा-बारा चेहरे एकाच रंगभूषाकाराच्या हाताखालून जातात. स्पंज तोच, कुंचला तोच आणि काजळाची डबीही तीच. एका चेहऱ्यावरील विकार अशा वेळी दुसऱ्या चेहऱ्यावर सहज जाऊ शकतो. म्हणून रंग लावण्यापूर्वी त्वचा पाहणे, हे रंगभूषेचे पहिले कर्तव्य होय.

प्रथम सांसर्गिक विकार. कडेला उंचावलेले, खवलेयुक्त व खाजणारे वर्तुळ दिसल्यास तो नायटा समजावा. ओठाच्या कडेला बारीक पाणीदार फोडांचा पुंजका म्हणजे हर्पिस. ‘ओठ उतला’ असे म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. बालनटांच्या नाकातोंडाभोवती मधासारखी पिवळी खपली दिसली, तर तो जंतुसंसर्ग असण्याचा संभव फार. खरूज प्रौढांच्या चेहऱ्यावर सहसा येत नाही. म्हणून बोटांच्या बेचक्या व मनगटेही पाहावीत आणि रात्री खाज वाढते काय, ते विचारावे. यांपैकी काही आढळल्यास, किंवा डोळे आलेले असल्यास, त्या नटाला बरे वाटेपर्यंत रंग लावू नये.

याउलट कोड व सोरायसिस हे विकार स्पर्शाने पसरत नाहीत. कोडाच्या डागावर रंग लावण्यास हरकत नाही. सोरायसिसची कातडी फुटलेली असेल, तेवढी जागा सोडावी. असा नट दिसताच हात मागे घेणे हा त्याचा अकारण अपमान होय. मुरमेही सांसर्गिक नाहीत. मात्र तेलकट रंगाने ती वाढू शकतात.

एक खूण विशेष ध्यानात ठेवावी. फिकट वा लालसर चट्टा असून तेथे स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची शंका घ्यावी. आरशासमोरील प्रखर दिव्यात असा चट्टा घरच्या माणसांच्या आधी रंगभूषाकारास दिसू शकतो. त्याने तो रंगाखाली झाकून मोकळे होऊ नये. चार लोकांत बोलूनही दाखवू नये. नटाला एकांतात सांगून आरोग्य केंद्रात धाडावे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचाराने हा रोग पूर्ण बरा होतो. औषध सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळते आणि ६ ते १२ महिने घ्यावे लागते. विलंब झाल्यास मात्र हातापायांना व डोळ्यांना कायमचे व्यंग येऊ शकते.

रोगाचे निदान करणे हे रंगभूषाकाराचे काम नव्हे. तसेच मलम सुचवणेही नव्हे. स्टेरॉइडयुक्त मलमाने नायट्याची खाज तात्पुरती थांबते, पण रोग आत पसरत राहतो.

सवयी साध्याच आहेत. हात साबणाने धुवावेत. रंगाची कांडी चेहऱ्यावर न घासता चपट्या पट्टीने रंग ताटलीत काढून घ्यावा. प्रत्येकास स्वतंत्र, धुतलेला स्पंज व स्वतःचे काजळ असावे. नवा रंग किंवा दाढीमिशांचा गोंद कोपराच्या आतील बाजूस लावून ४८ तास वाट पाहावी. प्रयोग संपताच रंग खोबरेल तेलाने हळुवार उतरवून चेहरा सौम्य साबणाने धुवावा.

राजाचा मुकुट पहाटे उतरतो, पण त्याखालचा चेहरा माणसाला जन्मभर पुरवायचा असतो. त्याची जपणूक काही घटका रंगभूषाकाराच्या हाती असते, याचे भान प्रत्येकाने ठेवावे.