तीन वर्षांचे रविवार

श्रोतेहो, दोनाचा सदुसष्टावा घात घ्या, एक वजा करा: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. १६४४ साली मेर्सेनने ही मूळसंख्या ठरविली. १८७६ मध्ये ल्यूकाने ती मूळ नव्हे असे सिद्ध केले, पण अवयव? ते त्यालाही सापडले नाहीत! १९०३ साली न्यूयॉर्कच्या गणित-सभेत फ्रँक कोल मुकाट्याने फळ्याशी गेले, १९३७०७७२१ ला ७६१८३८२५७२८७ ने गुणून नेमकी हीच संख्या आणली आणि जागेवर बसले. टाळ्यांचा कडकडाट झाला. शोधायला किती काळ लागला? "तीन वर्षांचे रविवार," असे ते म्हणाल्याचे सांगतात. मुंबईच्या गिरणी-कामगाराला रविवार मिळाला तो १८९० साली, नारायण मेघाजी लोखंड्यांच्या खटपटीने. तेव्हा माझ्यासारख्याचे लक्ष आधी त्या रविवारांकडेच जायचे. गुणाकार मात्र घरी करून पाहा, एक दुपार पुरते.